‘दोन्ही पक्ष ठाम’: एका मथळ्याचं प्रकरण

हे प्रकरण ऑक्टोबर २०१३ मधलं. अमेरिकेचं केंद्र सरकार तेव्हा १६ दिवस अर्धवट बंद होतं. ती बातमी एका मराठी दैनिकाच्या परदेश डेस्कवर आम्ही कशी लावली, कुठे चुकलो आणि चूक सुधारताना पुन्हा कुठे घसरलो, याची ही नोंद. दैनिकाचं नाव देत नाही, सहकाऱ्यांचीही नाहीत. परदेश पानाचा मुख्य उपसंपादक मी होतो, म्हणजे पान सोडण्याआधी शेवटचा हात माझाच फिरायचा. त्यामुळे दोषाचा मोठा वाटा माझा.

पार्श्वभूमी

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. सरकारी खात्यांना खर्चाची परवानगी देणारी १२ विधेयकं त्याआधी मंजूर व्हायला हवीत. ती क्वचितच वेळेत होतात. मग काही आठवड्यांसाठी तात्पुरतं निधी विधेयक आणून गाडी पुढे ढकलतात. आपल्याकडच्या लेखानुदानासारखाच हा प्रकार, पण फरक मोठा आहे. संसदीय पद्धतीत सरकारचं खर्चाचं विधेयक पडलं तर सरकारच पडतं. तिथे सरकार पडत नाही, दारं बंद होतात. अत्यावश्यक कामं चालू राहतात, बाकीचे कर्मचारी घरी.

२०१३ मध्ये अमेरिकी संसदेच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांकडे होतं, सिनेट आणि अध्यक्षपद डेमोक्रॅट्सकडे. वादाचा विषय होता ओबामांचा आरोग्य विमा कायदा. तो २०१० मध्ये झालेला, जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुतांशी वैध ठरवलेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओबामा पुन्हा निवडून आलेले. त्यातली विम्याची बाजारपेठ नेमकी १ ऑक्टोबर २०१३ रोजी उघडणार होती.

२० सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने तात्पुरतं निधी विधेयक २३० विरुद्ध १८९ मतांनी मंजूर केलं. त्यात या कायद्याला पैसा मिळू नये अशी तरतूद होती. मधल्या काळात सिनेटमध्ये रिपब्लिकन सदस्य टेड क्रूझ यांचं कायद्याविरोधात २१ तासांचं भाषण झालं. २७ सप्टेंबरला सिनेटने ५४ विरुद्ध ४४ मतांनी ती तरतूद काढून विधेयक परत पाठवलं. मग प्रतिनिधिगृहाने ‘कायदा वर्षभर पुढे ढकला’ ही अट घातली. सिनेटने ३० सप्टेंबरला ती ५४ विरुद्ध ४६ मतांनी फेटाळली. त्याच रात्री तिसरी अट आली, ‘प्रत्येकाने विमा घेण्याची सक्ती वर्षभर पुढे ढकला’. तीही त्याच आकड्यांनी फेटाळली गेली. तिथे मध्यरात्र उलटली तेव्हा आपल्याकडे १ ऑक्टोबरचे सकाळचे साडेनऊ वाजले होते. म्हणजे ‘वेळच नव्हता’ ही डेस्कवरची नेहमीची सबब त्या दिवशी आम्हाला उपलब्ध नव्हती. पान रात्री जायचं होतं.

त्या संध्याकाळचं पान

मथळा मीच दिला: ‘अमेरिकेत सरकारी कामकाज ठप्प, दोन्ही पक्ष भूमिकेवर ठाम’.

इंट्रो असा होता: ‘अर्थसंकल्पावर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक पक्षांत एकमत न झाल्याने अमेरिकी सरकारचे कामकाज मंगळवारी ठप्प झाले असून, सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर जावे लागले आहे.’

त्याखाली एक परिच्छेद ओबामांचा, एक प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन बेनर यांचा. दोन्ही जवळपास सारख्या लांबीचे. हे नकळत झालं नव्हतं. बेनर यांचा परिच्छेद दोन ओळींनी लहान होता म्हणून मी एजन्सीच्या दुसऱ्या कॉपीतून त्यांचं आणखी एक वाक्य उचलून जोडलं. पान सोडताना मला बरं वाटल्याचंही आठवतं. कोणी बोट ठेवणार नाही अशी बातमी.

अडचण कशी समोर आली

दुसऱ्या दिवशी दुपारी एका वाचकबाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका. रागावलेल्या नव्हत्या, वहीतली चूक दाखवावी तशा बोलत होत्या.

“अहो, मी बातमी दोनदा वाचली. दोघे ठाम आहेत, हे कळलं. कशावर ठाम आहेत ते कुठे दिलंय?”

“चौथ्या परिच्छेदात आरोग्य कायद्याचा उल्लेख आहे, बाई.”

“उल्लेख आहे. पण तो कायदा तीन वर्षांपूर्वी झालाय ना? मग आज पगाराच्या भांडणात तो आला कुठून? कोणी आणला?”

माझ्याकडे उत्तर होतं. बातमीत नव्हतं. एजन्सीच्या कॉपीत मात्र होतं. सहाव्या-सातव्या परिच्छेदात, मतांच्या आकड्यांसकट. जागा कमी म्हणून ते मीच छाटलं होतं. पण दोन्ही नेत्यांची विधानं सारखी करायला मला जागा मिळाली होती.

फोन ठेवल्यावर इंट्रो पुन्हा वाचला आणि नजर ‘एकमत न झाल्याने’वर अडकली. मराठीतला हा ‘-ल्याने’ बातमीदाराचा जुना मित्र. ‘पाऊस न झाल्याने’, ‘गाडी वेळेवर न आल्याने’, ‘एकमत न झाल्याने’. यात करणारा कोणी नसतो, गोष्टी आपल्या आपण होतात किंवा होत नाहीत. ‘ठप्प’चंही तसंच, वीज गेल्यासारखा शब्द. काही दैनिकांनी तेव्हा ‘टाळेबंदी’ लिहिलं होतं. ते मला आधी भडक वाटलं होतं, पण तो शब्द निदान प्रश्न तरी उभा करतो. कारखान्यात टाळेबंदी मालक करतो आणि संप कामगार करतात, हा फरक मराठी वाचकाला पक्का माहीत आहे. ‘टाळेबंदी’ वाचल्यावर तो विचारणारच, टाळं कोणी लावलं? ‘ठप्प’ वाचल्यावर विचारत नाही.

शिवाय ‘अर्थसंकल्पावर’ हेही चूक. खर्चाच्या आकड्यावर त्या रात्री फारसा वाद नव्हताच. सिनेटने पाठवलेल्या विधेयकात खर्चाचा वार्षिक दर सुमारे ९८६ अब्ज डॉलरचा होता. डेमोक्रॅट्सनी मार्चमध्ये सिनेटच्या अर्थसंकल्पात १,०५८ अब्ज धरले होते, रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहात ९६७ अब्ज. म्हणजे पैशाच्या बाबतीत डेमोक्रॅट्स बरेच खाली उतरून बसले होते. आमच्या बातमीत दोघेही सारखेच ‘ठाम’.

आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून शिकवतात की दुसऱ्याची बाजू घेतल्याशिवाय बातमी सोडायची नाही. नियम चांगलाच आहे. पण तो आहे आरोपाच्या बातमीसाठी. ज्याच्यावर आरोप होतो त्याला बोलायची संधी मिळावी म्हणून. दोघांच्या कृतींचं वजन सारखं दाखवा, असं तो नियम कुठेही सांगत नाही. आम्ही मात्र त्याचा तराजू करून टाकला होता आणि काटा मध्यावर येईपर्यंत एका पारड्यात ओळी घालत बसलो होतो.

हे फक्त राजकारणात होत नाही. २००४ मध्ये मॅक्सवेल बॉयकॉफ आणि ज्यूल्स बॉयकॉफ यांनी अमेरिकेतल्या चार मोठ्या दैनिकांच्या १९८८ ते २००२ या काळातल्या हवामान बदलाच्या बातम्या तपासल्या. निम्म्याहून थोड्या अधिक बातम्यांत माणसाचा हात आणि निसर्गाचे चढउतार या दोन कारणांना जवळपास सारखं वजन दिलेलं होतं. शास्त्रज्ञांमध्ये वाद तसा समसमान नव्हताच. तिथे निदान शास्त्रज्ञांचा कौल मोजता येतो. राजकीय कोंडीत कौल देणारा कोणी नसतो, म्हणून तिथे मधोमध उभं राहणं जास्त सोपं आणि जास्त फसवं.

कोणते पर्याय होते

संध्याकाळच्या बैठकीत मी फोनची गोष्ट सांगितली. वृत्तसंपादक, मी आणि पानावर काम करणारी एक तरुण उपसंपादक, असे तिघे.

तिचं म्हणणं सरळ होतं. “सर, अट रिपब्लिकनांनी घातली. तसंच लिहू या ना. ‘रिपब्लिकनांच्या हट्टापायी अमेरिका वेठीला’.”

वृत्तसंपादक म्हणाले, “हट्ट हे तुझं मत झालं गं. त्यांच्या मतदारांनी त्यांना हा कायदा अडवायलाच पाठवलंय, असं ते म्हणतात. त्याला ते हट्ट नाही, वचन म्हणतील.”

“मग जे चाललंय तेच चालू ठेवायचं?”

“तेच मी विचारतोय. आपण काय ठरवलं तर उद्या दुसऱ्या बाजूच्या फोनला मला उत्तर देता येईल?”

हा प्रश्न तेव्हा मला भित्रेपणाचा वाटला होता. आता वाटतं, बैठकीतला सगळ्यात उपयोगी प्रश्न तोच होता.

मी सुचवलं की बातमी आहे तशी ठेवू आणि संपादकीय पानावर दोन लेख घेऊ, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. दोघांनीही ते उडवून लावलं आणि बरोबर केलं. बातमीतला गोंधळ उचलून दुसऱ्या पानावर नेऊन ठेवणं, एवढंच त्यात होतं. बातमी आहे तशीच ठेवायची, हाही पर्याय होता, आणि त्याच्या बाजूने खरं कारण एकच: हे आपलं भांडण नाही, दूर देशीचं आहे, वाचकाला एवढ्या तपशिलाची गरज काय. पण त्या फोनने ते कारण आधीच निकालात काढलं होतं. उलट दूरचं भांडण असेल तर वाचकाकडे पडताळायला दुसरं काहीच नसतं. त्याला आमचीच बातमी.

शेवटी ठरलं ते वृत्तसंपादकांच्या प्रश्नातून निघालं. विशेषणं द्यायची नाहीत, क्रम द्यायचा. कोणी कधी कोणतं विधेयक पाठवलं, त्यात काय होतं, किती मतं पडली. दुसऱ्या बाजूचा फोन आला तर विचारायचं, यातली कुठली ओळ खोटी आहे?

काय केलं

‘ठाम’, ‘अडेल’, ‘हट्ट’, ‘रस्सीखेच’ हे शब्द त्या बातमीपुरते बंद केले. ‘-ल्याने’ दिसला की थांबायचं आणि विचारायचं, हे कोणी केलं? उत्तर माहीत असेल तर वाक्य फिरवायचं. नवा इंट्रो असा झाला: ‘आरोग्य कायदा लांबणीवर टाकण्याची अट नसलेले निधी विधेयक मताला घेण्यास प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन नेतृत्वाने बुधवारीही नकार दिला.’ लांबट आहे. ‘कामकाज ठप्प’चा ठसका त्यात नाही. पण कोण, काय, कशासाठी, हे एका वाक्यात येतं.

शिवाय एक चौकट. २० सप्टेंबरपासूनचा क्रम, तारखेगणिक एक-दोन ओळी, कंसात मतांचे आकडे. ती रोज छापायची, दोन ओळी वाढवत. यावर थोडी कुरकुर झाली. रोज तेच तेच कशाला? पण रोज नवा वाचक बातमीच्या मधूनच आत शिरतो, आणि काल काय झालं ते त्याला माहीत असेल असं धरून चालणं हाच या प्रकाराचा अर्धा दोष आहे. क्रम काढून टाकला की उरतात फक्त दोन माणसं एकमेकांकडे बोट दाखवताना.

नेत्यांची विधानं चौकटीखाली गेली. काढली नाहीत.

मग आमची दुसरी चूक. पहिल्या एक-दोन दिवसांत एक छायाचित्र जगभर फिरलं. प्रतिनिधिगृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर यांनी ट्विटरवर टाकलेलं. लांब टेबल, एका बाजूला रिपब्लिकन सदस्य, समोरच्या खुर्च्या रिकाम्या. आम्ही चर्चेला बसलोय, ते आलेच नाहीत. आम्ही ते छापलं. चित्र फार बोलकं होतं, आणि पानाला फोटो हवाच असतो. पण ओळीत फक्त ‘चर्चेसाठी प्रतीक्षेत रिपब्लिकन सदस्य’ एवढंच लिहिलं. क्रमाची चौकट शेजारीच होती आणि तिच्यात या खुर्च्यांचा पत्ताच नव्हता.

दोन दिवसांनी अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी वाचकाची ई-मेल आली, चांगलीच झणझणीत. ‘तुम्ही डेमोक्रॅट्सचं प्रवक्तेपद घेतलंय का? प्रतिनिधिगृहाने दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती मागितली आणि सिनेटने ती १ ऑक्टोबरला फेटाळली. हे तुमच्या चौकटीत का नाही?’

तपासलं. खरं होतं. पुन्हा ५४ विरुद्ध ४६. आम्ही ते टाकलं नव्हतं, कारण क्रम मध्यरात्रीपर्यंतच रचला होता आणि पुढचं ‘आता दोघे बोलत नाहीत’ एवढ्यावर सोडून दिलं होतं. वृत्तसंपादकांनी ठरवलेली कसोटी इथे आमच्यावरच उलटली: यातली कुठली ओळ खोटी, असं विचारायला आम्ही सज्ज होतो, यात कुठली ओळ नाही, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

तरुण उपसंपादकाने ती ओळ लगेच घातली. पण घालताना ती मागे गेली आणि आणखी एक गोष्ट निघाली. दोन्ही सभागृहांनी मार्चमध्ये आपापले अर्थसंकल्प मंजूर केले होते, आणि त्यावर संयुक्त समिती नेमा अशी मागणी सिनेटमधले डेमोक्रॅट्स वसंतापासून करत होते. दर वेळी सिनेटमधलेच काही रिपब्लिकन सदस्य हरकत घेत होते. म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचा फोटो खोटा नव्हता. तो फक्त सहा महिने उशिरा काढलेला होता. दोन्ही ओळी एकाखाली एक छापल्या. त्या वाचकाची पुन्हा मेल आली नाही. समाधान झालं की नाद सोडला, कोण जाणे.

याच शोधात एक तपशील सापडला तो आजही मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. सभागृहाच्या नेहमीच्या नियमाप्रमाणे असा पेच पडला की कोणताही सदस्य सिनेटचं विधेयक मताला घ्या असा प्रस्ताव मांडू शकला असता. दारं बंद होण्याच्या तोंडावर प्रतिनिधिगृहाने एक ठराव करून हा अधिकार फक्त बहुमताच्या नेत्याकडे किंवा तो नेमेल त्याच्याकडे ठेवला. १२ ऑक्टोबरला डेमोक्रॅट सदस्य क्रिस व्हॅन हॉलन यांनी सभागृहात उभं राहून हा नियम वाचून दाखवायला लावला, तेव्हा कुठे बहुतेकांचं लक्ष गेलं. आमचंही. ‘दोघांत एकमत होत नाही’ असं रोज लिहिणाऱ्यांना हे दिसणं शक्यच नव्हतं. एकमत न होणं ही अवस्था असते. नियम बदलणं ही कृती असते. अवस्थेच्या बातमीत कृती मावत नाही.

निर्णयाची तिसरी जागा: शेवटचा मथळा

१७ ऑक्टोबर ही कर्जमर्यादेची, म्हणजे सरकारला कर्ज काढायला कायद्याने घातलेली मर्यादा गाठण्याची तारीख होती. त्यानंतर तिजोरीत सुमारे ३० अब्ज डॉलरच उरतील, असं अर्थमंत्री जॅक ल्यू यांनी कळवलं होतं. २०११ मध्ये याच प्रश्नावर ताणाताणी झाली आणि स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेचं पतमानांकन ‘एएए’वरून ‘एए प्लस’वर आणलं, ते सगळ्यांना आठवत होतं. १६ ऑक्टोबरच्या रात्री सिनेटने ८१ विरुद्ध १८ आणि प्रतिनिधिगृहाने २८५ विरुद्ध १४४ मतांनी विधेयक मंजूर केलं. निधी १५ जानेवारीपर्यंत, कर्जमर्यादा ७ फेब्रुवारीपर्यंत. आरोग्य कायद्यात बदल म्हणाल तर अनुदान घेणाऱ्यांचं उत्पन्न पडताळण्याची एक किरकोळ तरतूद.

एजन्सीच्या एका कॉपीवर शब्द होता ‘तडजोड’. माझा हातही सवयीने तिकडेच गेला. मथळ्यात बसतो, गोड आहे, भांडण संपल्याचं सांगतो. उपसंपादकाने आकडे माझ्यासमोर सरकवले. प्रतिनिधिगृहातल्या २८५ मतांत डेमोक्रॅट्सची १९८ आणि रिपब्लिकनांची ८७. विरोधातली १४४ सगळी रिपब्लिकन.

“सर, दोन्ही बाजूंनी काय काय सोडलं ते लिहून पाहा. एका रकान्यात लिहायला काही सापडतंय का बघा.”

फारसं सापडलं नाही. मथळा गेला: ‘जवळपास विनाअट निधी मंजूर, १६ दिवसांनी अमेरिकी कार्यालये उघडली’. ‘जवळपास’ हा शब्द त्या उत्पन्न पडताळणीसाठी. मथळ्यात ‘जवळपास’ पाहून वृत्तसंपादकांनी कपाळाला हात लावला, पण जाऊ दिला.

निष्पत्ती

फार मोठं काही घडलं नाही. खप वाढला नाही, कोणी पाठही थोपटली नाही. चौकट मात्र टिकली. पुढे इतर कोंडीच्या बातम्यांतही ती डेस्कची सवय झाली. त्या शिक्षिकांचा पुन्हा एकदा फोन आला, या वेळी व्हॅन हॉलन यांच्या नावाच्या उच्चारावरून.

बेनर यांनी पुढे जानेवारी २०१४ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात, हे असं होणार हे दिसतच होतं, अशा अर्थाची कबुली दिली. ती आम्ही छापली तेव्हा उपसंपादक म्हणाली, “बघा, आपला क्रम बरोबर होता.” मला ते तितकंसं पटलं नाही. बेनर यांनी कबुली दिली नसती, तरी क्रम तोच राहिला असता.

एक गोष्ट मात्र निसटली, आणि तिचा दोष खोट्या समतोलाला देता येत नाही. १ ऑक्टोबरलाच उघडलेलं विम्याचं सरकारी संकेतस्थळ पहिल्या दिवसापासून कोलमडलं होतं. ज्या कायद्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्याच कायद्याची अंमलबजावणी फसत होती. ही बातमी ओबामा प्रशासनाच्या अंगाशी येणारी होती आणि आम्ही ती महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात धड लावली. कोणाला वाचवायचं नव्हतं. भांडणाच्या चौकटीत आम्ही इतके रमलो होतो की भांडणाबाहेरचं काही दिसलंच नाही. पण वाचकाच्या जागी बसून पाहिलं तर परिणाम एकच, पान एका बाजूला कललेलं.

आज हेच पान लावायचं तर

पहिल्या दिवशीच क्रम देईन, आणि त्याची सुरुवात कुठून करायची हे लिहून ठरवेन. क्रमाचीही एक लबाडी असते: २० सप्टेंबरपासून सुरू केला तर एक चित्र, मार्चपासून सुरू केला तर थोडं वेगळं, २०१० पासून केला तर आणखी वेगळं. आमची चौकट मध्यरात्रीला संपली म्हणून रिकाम्या खुर्च्या बाहेर राहिल्या. आज मी चौकटीखाली एक ओळ टाकेन, की हा क्रम इथून का सुरू केलाय.

आणि ‘नेहमीच्या कामाला अट कोणी जोडली?’ हा प्रश्न प्रत्येक कोंडीला विचारेन, उत्तर कोणत्याही पक्षाचं निघो. जानेवारी २०१८ मध्ये सिनेटमधल्या डेमोक्रॅट्सनी लहानपणी अमेरिकेत आणलेल्या स्थलांतरितांच्या संरक्षणासाठी निधी विधेयक रोखलं. तीन दिवसांची बंदी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवेत म्हणून ट्रम्प यांनी विनाअट विधेयक नाकारलं, आणि त्याआधी कॅमेऱ्यांसमोर सांगितलं की सीमेच्या सुरक्षेसाठी सरकार बंद करण्यात मला अभिमानच वाटेल, ३५ दिवस. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस. या वेळी प्रतिनिधिगृहातून आलेलं जवळपास विनाअट विधेयक सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदान घ्यायला लागणाऱ्या ६० मतांअभावी अडलं, कारण विम्याच्या वाढीव अनुदानाला मुदतवाढ मिळाल्याशिवाय बहुतेक डेमोक्रॅट्स मत द्यायला तयार नव्हते. २०१३ चं चित्र जवळजवळ उलटं, विषय तोच आरोग्य कायदा.

पण अट कोणी घातली हे सांगितल्याने अट योग्य की अयोग्य हे ठरत नाही. २०२५ मध्ये डेमोक्रॅट्स म्हणत होते की अनुदान ३१ डिसेंबरला आपोआप संपतंय, म्हणजे काहीच न करणं हाही एक निर्णयच. शिवाय संसदेने मंजूर केलेले ४.९ अब्ज डॉलर ट्रम्प प्रशासनाने ऑगस्टच्या अखेरीस रोखून धरलेत, मग नव्या मंजुरीवर विश्वास कसा ठेवायचा? रिपब्लिकनांचं उत्तर होतं की अनुदानावर बोलू, आधी दारं उघडा. हे दोन्ही युक्तिवाद बातमीत हवेत आणि शेजारीशेजारी हवेत. अट कोणाची, या ओळीच्या खाली.

ती उपसंपादक आता एका दैनिकाच्या डिजिटल आवृत्तीत वरच्या जागेवर आहे. १ ऑक्टोबर २०२५ च्या सकाळी तिने मला डेस्कवरून आलेला कच्चा मथळा पाठवला: ‘एकमत न झाल्याने अमेरिकेत पुन्हा शटडाऊन’. खाली लिहिलं होतं, ‘सर, तुमचा मित्र.’ मी विचारलं, काय केलंस? तिने बदललेला मथळा पाठवला: ‘विमा अनुदानाच्या अटीवर डेमोक्रॅट्सनी निधी रोखला, अमेरिकेत शटडाऊन’. मग दहा मिनिटांनी आणखी एक मेसेज. डेस्कवरचा एक मुलगा म्हणतोय की ‘रोखला’त मत येतं, ‘मत दिलं नाही’ एवढंच लिहू या. तिला पटलं होतं, पण ते मथळ्यात बसत नव्हतं, आणि ती अजून अक्षरं मोजत होती.